स्वादुपिंडाचा कर्करोग आणि मज्जातंतूंचा आश्रय

कर्करोगाच्या चिकित्सेत अलीकडच्या काळात जी सर्वांत मोठी भर पडली, ती रोग्याच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेला कामाला लावणाऱ्या औषधांची होय. शरीरातील टी-पेशी परक्या किंवा बिघडलेल्या पेशींचा नाश करतात. परंतु त्यांनी निरोगी पेशींवर उलटू नये म्हणून त्यांना निसर्गतःच लगाम घातलेला असतो. हा लगाम कर्करोगाच्या पेशी आपल्या सोयीसाठी ओढून धरतात. तो सैल करणारी औषधे २०११ पासून प्रथम मेलॅनोमा ह्या त्वचेच्या कर्करोगात, व पुढे फुप्फुस, मूत्रपिंड इत्यादी अवयवांच्या कर्करोगांत वापरली जाऊ लागली. त्यांच्या मागील मूलभूत संशोधनाबद्दल जेम्स अॅलिसन व तासुकू होन्जो ह्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने मात्र ह्या औषधांना जवळजवळ दाद दिलेली नाही. विशिष्ट जनुकीय दोष असलेले अगदी थोडे रोगी सोडले, तर लगाम सैल करूनही टी-पेशी अर्बुदापर्यंत पोचत नाहीत, आणि पोचल्या तरी निष्प्रभ ठरतात.

असे का व्हावे, ह्याची काही उत्तरे बऱ्याच वर्षांपासून दिली जात आहेत. ह्या अर्बुदाभोवती तंतुमय ऊतीचा दाट थर असतो. त्यात रक्तपुरवठा अपुरा असतो. प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींची तेथे गर्दी असते. ही उत्तरे चुकीची नाहीत, पण अपुरी आहेत. गेल्या दशकभरातील प्रयोगांनी त्यांच्या जोडीला एक अनपेक्षित घटक आणून ठेवला आहे, तो म्हणजे मज्जातंतू. अर्बुदात शिरलेला किंवा अर्बुदाने वेढलेला मज्जातंतू हा तटस्थ राहत नाही. तो प्रतिकारयंत्रणेला दूर ठेवण्याच्या कामी अर्बुदाला साहाय्य करतो, असे ह्या प्रयोगांवरून दिसून येते.

विषयाच्या मुळाशी जाण्यापूर्वी शब्दांचा थोडा विचार करणे अवश्य आहे. नाशिक जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत, किंबहुना महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी, ‘शीर’ व ‘नस’ हे शब्द रक्तवाहिनी, स्नायूचा कंडरा आणि मज्जातंतू ह्या तिहींसाठी सर्रास वापरले जातात. ‘शीर आखडली’ ह्यात एक अर्थ, ‘शीर कापली’ ह्यात दुसरा, आणि ‘शीर दबली’ ह्यात तिसरा. नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून जे वैद्यकीय पदवीधर बाहेर पडतात, त्यांचे शिक्षण इंग्रजीतून होते, परंतु रोग्यांशी त्यांना बोलावे लागते ते मराठीतून. ‘गाठ नसेपर्यंत गेली आहे’ असे एखाद्याने सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा रक्तवाहिनीच उभी राहते. वस्तुतः हा भेद महत्त्वाचा आहे. स्वादुपिंडाचे अर्बुद मोठ्या रक्तवाहिनीला चिकटले, की शस्त्रक्रिया शक्य आहे की नाही हा प्रश्न उपस्थित होतो. ते मज्जातंतूत शिरले, की वेदना, रोगाची पुनरावृत्ती, आणि आता जे कळू लागले आहे ते प्रतिकाराचे अपयश, हे प्रश्न उपस्थित होतात. ग्रंथांतील परिभाषेतही एकवाक्यता नाही. कोणी ‘मज्जातंतू’ म्हणतात, कोणी ‘तंत्रिका’. ‘स्वादुपिंड’ व ‘अग्निपिंड’ हे दोन्ही शब्द छापले जातात. येथे ‘मज्जातंतू’ व ‘स्वादुपिंड’ हेच शब्द योजिले आहेत, कारण ते वाचकांच्या अधिक परिचयाचे आहेत.

मज्जातंतूचा आश्रय घेऊन प्रतिकारयंत्रणेला चकविणे ही कल्पना महाराष्ट्रातील संशोधनाला सर्वस्वी नवी नाही. मात्र ती येथे प्रथम पुढे आली ती कर्करोगाच्या संदर्भात नव्हे, तर कुष्ठरोगाच्या संदर्भात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे अध्वर्यू मानले जातात. कर्करोग हे त्यांचे मुख्य क्षेत्र होते व १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुराही त्यांनीच वाहिली. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी कुष्ठरोग्यांच्या त्वचेचे छेदही तितक्याच चिकाटीने तपासले. ‘कुष्ठरोगातील प्रारंभिक विकृतींची ऊतिरचना’ ह्या विषयावरील त्यांचा अहवाल १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. रोगाच्या अगदी आरंभी, त्वचेवर फारसे काही दिसत नसतानाही, जंतू त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंच्या आत सापडतात, हे त्यांनी दाखवून दिले. हे जंतू मज्जातंतूंच्या आतून वरच्या दिशेने सरकतात असे त्यांचे मत होते.

ह्या मताचा तपशील पुढे बदलला. जंतूंचे खरे वसतिस्थान मज्जातंतूच्या मुख्य धाग्यापेक्षा त्याभोवती वेष्टन घालणाऱ्या पेशी हे होय, असे नंतरच्या संशोधकांनी सिद्ध केले. ह्या पेशींना थिओडोर श्वान (१८१०–१८८२) ह्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून श्वान-पेशी म्हणतात. (मराठी विद्यार्थ्याला ह्या नावाने क्षणभर चकविले तर नवल नाही, कुत्र्याशी त्याचा काही संबंध नाही.) तथापि खानोलकरांच्या निरीक्षणातला गाभा टिकून राहिला. मज्जातंतूच्या जुडग्याभोवती पेशींचा एक घट्ट पडदा असतो, व आतील केशवाहिन्याही सहजासहजी काही झिरपू देत नाहीत. त्यामुळे मज्जातंतूचा अंतर्भाग हा प्रतिकारयंत्रणेच्या नित्याच्या फेऱ्यांपासून बराचसा अलग राहतो. मंदगतीने वाढणाऱ्या जंतूला ह्याहून सुरक्षित जागा मिळणे कठीण. हे संरक्षण अभंग मात्र नसते: ज्या रोग्याची प्रतिकारशक्ती तीव्र असते त्याच्या शरीरात जंतूंवर हल्ला होतो आणि त्या हल्ल्यात मज्जातंतूच नष्ट होतो, ज्याची ती क्षीण असते त्याच्या शरीरात मज्जातंतू बराच काळ शाबूत राहतो व जंतूंची संख्या बेसुमार वाढते. २०१३ मध्ये एडिंबरो येथील संशोधकांनी उंदरांच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की कुष्ठरोगाचे जंतू श्वान-पेशीची ओळखच बदलतात आणि तिला पुन्हा मूलपेशीसारख्या अवस्थेत नेतात. यजमानाच्या घरात राहून त्याच्याकडूनच आपले काम करवून घेण्याचा हा प्रकार लक्षात ठेवला, म्हणजे स्वादुपिंडात काय घडते ते समजणे सोपे जाते.

स्वादुपिंड हा सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा अवयव जठराच्या मागे व पाठीच्या कण्याच्या पुढे आडवा पसरलेला असतो. त्याच्या मागील बाजूसच, महारोहिणीच्या आसपास, पोटातील मज्जातंतूंचे सर्वांत मोठे जाळे आहे. तेथून अनुकंपी मज्जातंतू, व्हेगस मज्जातंतूच्या शाखा आणि वेदना वाहून नेणारे संवेदी तंतू असे तीन प्रकारचे धागे स्वादुपिंडात शिरतात. पाचकरसांचे व इन्शुलिनचे नियमन हे त्यांचे निरोगी अवस्थेतील काम. इतक्या खोल जागी वाढणारे अर्बुद हाताला लागत नाही, आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत रोग बहुधा पसरलेला असतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर ह्यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रथम रुग्णालयात दाखल करावे लागले; मुंबई, न्यूयॉर्क व दिल्ली येथे उपचार होऊनही १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. पाठीपर्यंत जाणारी, रात्री वाढणारी आणि पुढे वाकल्यावर किंचित कमी होणारी वेदना हे ह्या रोगाचे जुने, परिचित लक्षण आहे, व ते मज्जातंतूंच्या सहभागाचे निदर्शक आहे.

शस्त्रक्रियेने काढलेल्या अर्बुदांची तपासणी केली असता अनेक मालिकांत ८० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत कर्करोगाच्या पेशी मज्जातंतूंच्या भोवती किंवा आत आढळतात. इतके मोठे प्रमाण फारच थोड्या कर्करोगांत दिसते. ह्या घटनेचा जुना अर्थ असा होता, की मज्जातंतू ही कमी अडथळ्याची वाट आहे आणि अर्बुद त्या वाटेने निघून जाते. हा अर्थ आता टिकण्यासारखा नाही. म्युनिकमधील शस्त्रवैद्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की रोगग्रस्त स्वादुपिंडातील मज्जातंतू जाड झालेले असतात व त्यांची संख्याही वाढलेली असते. म्हणजे अर्बुद मज्जातंतूकडे जाते, त्याचप्रमाणे मज्जातंतूही अर्बुदाकडे वाढत येतात.

मज्जातंतूला कोण बोलावते, ह्या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. एल्मर ब्यूकर ह्यांनी १९४८ मध्ये उंदराचे एक अर्बुद कोंबडीच्या गर्भात रोवले असता गर्भाचे मज्जातंतू त्या अर्बुदात वाढत गेले. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ह्यांनी ह्या निरीक्षणाचा पाठपुरावा केला आणि अर्बुद एक विद्राव्य पदार्थ बाहेर टाकते असा निष्कर्ष काढला. स्टॅन्ली कोहेन ह्यांनी तो पदार्थ वेगळा केला, आणि १९८६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. हाच तो मज्जातंतुवर्धक घटक. खानोलकरांचा अहवाल ज्या सुमारास मुंबईत तयार होत होता, त्याच सुमारास हे प्रयोग चालू होते. पुढील काळात मज्जातंतुवर्धक घटकाचा अभ्यास मुख्यतः गर्भविकास व मेंदू ह्यांच्या संदर्भात झाला. तो सापडला होता अर्बुदात, ही गोष्ट कर्करोगाच्या अभ्यासकांनी पुष्कळ उशिरा गंभीरपणे घेतली.

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी ह्या घटकाची जागा एका चक्रात निश्चित केली. अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन स्रवते. कर्करोगाच्या पेशींवर त्याला धरणारे ग्राही असतात. ते उद्दीपित झाले, की पेशी मज्जातंतुवर्धक घटक अधिक प्रमाणात तयार करतात. त्यामुळे आणखी मज्जातंतू अर्बुदात येतात, व नॉरअॅड्रेनालिन आणखी वाढते. उंदरांना तीव्र ताणाखाली ठेवले असता हे चक्र वेगाने फिरले. न्यूयॉर्कमधीलच दुसऱ्या एका गटाने २०१६ व २०२२ मध्ये श्वान-पेशींवर लक्ष केंद्रित केले. त्यांना असे आढळले, की अर्बुदाच्या सान्निध्यात श्वान-पेशी दुखापतीनंतरच्या दुरुस्तीच्या अवस्थेत जातात आणि रांगा करून उभ्या राहतात. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढावा म्हणून निसर्गाने ठेवलेली ही मार्गिका. तिच्यावरून येथे कर्करोगाच्या पेशी पुढे सरकतात. कुष्ठरोगातील श्वान-पेशीची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. कारक भिन्न, पण वळवून घेतलेली पेशी तीच.

इथपर्यंत अर्बुदाच्या वाढीचा व प्रसाराचा विचार झाला. प्रतिकारयंत्रणेचा प्रश्न ह्याहून गुंतागुंतीचा आहे. टी-पेशींच्या पृष्ठभागावरही मज्जातंतूंच्या रासायनिक द्रव्यांचे ग्राही असतात, ही त्यातील कळीची गोष्ट होय. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे दाखविले, की दीर्घकाळ झुंजून थकलेल्या टी-पेशी अनुकंपी मज्जातंतूंच्या आसपास जमतात. त्यांच्यावर नॉरअॅड्रेनालिनचा एक विशिष्ट ग्राही वाढलेला असतो, आणि त्याच्याद्वारे मिळणाऱ्या संदेशामुळे त्यांचा थकवा वाढतो. हा ग्राही रोखणारे औषध व लगाम सैल करणारे औषध ही दोन्ही एकत्र दिली असता उंदरांतील स्वादुपिंडाच्या अर्बुदाविरुद्ध टी-पेशींचे कार्य सुधारले. रक्तदाबासाठी हजारो लोक रोज घेतात त्या बीटा-ब्लॉकर गटातीलच हे औषध आहे. संवेदी तंतूंविषयीचा पुरावा मुख्यतः मेलॅनोमातून आलेला आहे: २०२२ मधील एका अभ्यासात वेदनावाहक मज्जातंतूंनी सोडलेल्या एका पेप्टाइडमुळे मारक टी-पेशी थकतात असे दिसून आले. जो तंतू रोग्याला दुखते म्हणून सांगतो, तोच त्या जागी रक्षकांना निष्क्रिय करतो, असा ह्याचा अर्थ होतो.

व्हेगस मज्जातंतूच्या बाबतीत मात्र प्रयोगांची साक्ष परस्परविरोधी आहे, आणि ह्या विषयाचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग हाच होय. कोलंबिया विद्यापीठातील त्याच गटाला २०१८ मध्ये असे आढळले, की उंदरांत व्हेगस कापल्यास स्वादुपिंडाचा कर्करोग अधिक वेगाने वाढतो, आणि अॅसिटिलकोलीनसारखी क्रिया करणारे औषध दिल्यास तो मंदावतो. ह्यावरून व्हेगस हा रोग्याचा मित्र ठरतो. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, शांघायमधील संशोधकांनी नेमके उलट चित्र मांडले. ज्या अर्बुदांत मज्जातंतूंची बाधा तीव्र होती, त्यांत अॅसिटिलकोलीन अधिक व मारक टी-पेशी कमी होत्या. टी-पेशींना बोलावणारे एक रासायनिक द्रव्य कर्करोगाच्या पेशी एरवी तयार करतात. अॅसिटिलकोलीनमुळे त्याची निर्मिती दबते. शिवाय ते टी-पेशींच्या मारक शक्तीवरही थेट परिणाम करते.

दोन चांगल्या प्रयोगशाळांची अशी भिन्न उत्तरे आली, म्हणजे एकाने चूक केली असे मानण्याकडे कल होतो. ह्या ठिकाणी तसे मानण्याचे कारण नाही. जीवशास्त्रात ‘संदेश’, ‘संवाद’, ‘भाषा’ हे शब्द आता इतके रुळले आहेत, की त्यांतील रूपक विसरले जाते व रेणूला स्वतःचा अर्थ आहे असे वाटू लागते. रेणूला अर्थ नसतो. त्याला परिणाम असतो, आणि तो परिणाम कोणत्या पेशीवर, कोणत्या ग्राहीवर व रोगाच्या कोणत्या अवस्थेत तो पडतो ह्यावर अवलंबून असतो. कोलंबियातील प्रयोगांत, जनुकीय बदल केलेल्या उंदरांत रोग अगदी आरंभापासून वाढू दिला होता. शांघायमधील निष्कर्षांना आधार होता तो मज्जातंतूंत आधीच शिरलेल्या, पुढच्या अवस्थेतील अर्बुदांचा. एकाच द्रव्याने पहिल्या अवस्थेत आवर घालावा व दुसऱ्या अवस्थेत साहाय्य करावे, हे अशक्य नाही. तथापि हे अनुमान आहे. प्रत्यक्ष तुलना करणारा प्रयोग झाल्यावाचून त्याला ह्याहून अधिक वजन देता येणार नाही.

आणखी एक यंत्रणा २०२५ मध्ये पुढे आली. ती स्वादुपिंडाच्या नव्हे, तर त्वचेच्या कर्करोगांच्या अभ्यासातून आली असली, तरी तिची तर्कसंगती येथेही लागू पडण्यासारखी आहे. कर्करोगाच्या पेशी मज्जातंतूवरील मायेलिनचे वेष्टन मोडतात. जखमी मज्जातंतू दुरुस्तीसाठी दाहाचे संकेत पाठवितो. जखम एकदाच झाली असती तर हा दाह शमला असता. पण अर्बुद ती जखम भरू देत नाही, आणि चिरकालिक झालेला दाह शेवटी प्रतिकाराला मारक ठरतो. लगाम सैल करणारी औषधे अशा अर्बुदांत अपयशी ठरण्याचे हे एक कारण असल्याचे ह्या संशोधकांनी मांडले. त्याच वर्षी हायडेलबर्ग येथील संशोधकांनी स्वादुपिंडाच्या अर्बुदात पोचणाऱ्या एकेका मज्जापेशीची जनुकीय क्रिया स्वतंत्रपणे नोंदविण्याची रीत सिद्ध केली. अर्बुदाकडे जाणाऱ्या मज्जापेशींची घडण कायमची बदललेली असते, आणि उंदरांतील अनुकंपी मज्जातंतू नष्ट केल्यास पूर्वी निरुपयोगी असलेली लगाम सैल करणारी औषधे गुण देऊ लागतात, असे त्यांना आढळले.

उंदरांवरून माणसावर येताना पावले जपून टाकली पाहिजेत, कारण माणसांत मज्जातंतू निकामी करण्याचा उपाय फार पूर्वीच, निराळ्या हेतूने, करून झालेला आहे. असह्य वेदना थांबविण्यासाठी पोटातील मज्जातंतूंच्या जाळ्यात अल्कोहोल टोचण्याची पद्धत प्रचलित आहे. बाल्टिमोरमधील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १३७ रोग्यांवर केलेली चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात वेदना तर कमी झालीच, शिवाय ज्यांना आधीपासून वेदना होती असे रोगी अधिक काळ जगले. हा निष्कर्ष खरा ठरता, तर आजच्या सगळ्या उपपत्तीला तो मोठाच आधार झाला असता. पण २००४ मध्ये अमेरिकेतीलच मेयो क्लिनिकच्या १०० रोग्यांवरील चाचणीत वेदना कमी झाली, आयुष्य वाढले नाही. दोन्ही चाचण्या आजच्या प्रतिकारोपचारांच्या पूर्वीच्या आहेत. मज्जातंतू तोडल्याने दार उघडले असेलही. आत शिरायला सज्ज अशा टी-पेशी त्या वेळी नव्हत्या, असा युक्तिवाद करता येतो. तो आकर्षक आहे, पण आकर्षक युक्तिवादांवर ह्या रोगाच्या इतिहासात अनेक औषधे वाया गेली आहेत, हेही खरे.

शस्त्रक्रियेने सगळेच मज्जातंतू काढून टाकणे हाही मार्ग नाही. आतड्याच्या मुख्य रोहिणीभोवतीचे जाळे संपूर्ण काढले असता रोग्याला न थांबणारे जुलाब लागतात, हा विस्तृत शस्त्रक्रियांचा अनुभव आहे. औषधाने एखादाच ग्राही रोखणे त्यामानाने सौम्य. परंतु अनुकंपी मज्जातंतू रोखायचे आणि व्हेगस शाबूत ठेवायचा, की रोगाच्या पुढच्या अवस्थेत दोन्हींना हात घालायचा, ह्याचा निर्णय वर सांगितलेल्या विरोधाचा उलगडा झाल्यावाचून होऊ शकत नाही.

तोपर्यंत विकृतिशास्त्रज्ञाच्या अहवालाकडे निराळ्या दृष्टीने पाहता येईल. काढलेल्या अर्बुदाच्या अहवालात मज्जातंतूंना बाधा आहे किंवा नाही, अशी एक ओळ असते, आणि ती बहुतेक वेळा रोगाच्या तीव्रतेची खूण म्हणूनच वाचली जाते. ज्या छेदावरून ती ओळ लिहिली जाते, त्याच छेदावर बाधित मज्जातंतूपासून मारक टी-पेशी किती अंतरावर थांबल्या आहेत, त्या कोणत्या प्रकारच्या धाग्याभोवती विरळ आहेत, आणि श्वान-पेशी कोणत्या अवस्थेत आहेत, हे विशेष रंगद्रव्यांच्या साहाय्याने मोजता येते. खानोलकरांनी १९५१ मध्ये त्वचेच्या छेदांवर केले ते काम ह्याच जातीचे होते. मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया नियमित होतात व त्यांचे नमुने जपले जातात. अशा मोजणीसाठी लागणारी सामग्री मेणाच्या ठोकळ्यांत तेथे आजही उपलब्ध आहे.